अर्पण केलेलं थुंकत न्हाईत

दिंडोरी, जि. नाशिक
४ जानेवारी २०२६

आत्या, पाया पडतो.

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी चिंचेवर होतो. म्हणून सरळ पाया पडलो. चालवून घ्या.

मी पाठवलेलं कानाचं मशीन सीटी मारतं असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं. आत्या, ते कानात नीट बसलं नाही की सीटी मारतं. दुकानदारानं मला दाखवलं होतं. आधी वरचा भाग कानामागं अडकवायचा, मग बोंडूक आत दाबायचं, आन् दाबताना दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा. लहानपणी माझा ओढायच्या तसा. सवय झाली की फोन लावतो. आजपर्यंत फोनवर मी ओरडतो आन् तुम्ही म्हणता "कोन? कोन बोलतंय?" आन् ठेवून देता. शेजारची पोरं हसतात. म्हणून ही पत्रं. दुसऱ्या कुणासाठी मी पेन हातात धरला नसता.

इथं थंडी लई आहे. द्राक्षाची तोडणी सुरू झाली, आता मार्चपर्यंत सुट्टी नाही. काम बरं आहे. कळंबच्या आडतीवर पोती उचलली, पुण्यात हॉटेलात टेबल पुसले, ऊसतोडीच्या मशीनवर बसलो, कुठंच पाय ठरला नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथं ठरलाय. का ते मला सांगता येत नाही.

शांतलिंगमामांची त्र्यंबकेश्वरच्या यात्रेची बस आमच्या कंपनीवर थांबली होती. भेट झाली. तब्येत चांगली आहे त्यांची. लई चांगली आहे.

संक्रांतीला तीळगूळ दुसऱ्यांना देताना माझ्या नावाचा एक बाजूला ठेवा.

तुमचा
विरू


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
अणदूर
११ जानेवारी

चि. विरुपाक्ष यास,

पुरं नाव लिवलंय, त्यावरनंच वळख.

शांतलिंग भावजी त्र्यंबकहून आले. प्रसाद दिला, आन् वर बातमी दिली. पाटीवर लिवून दाखवली, म्हंजे मला ऐकू न्हाय आलं असं व्हायला नको. "वैनी, तुमचा विरू दारूच्या कारखान्यात हाय. काळा फडका कमरेला बांधून बाया-माणसांना गिलासात ओतून देतो. आन् हसतो."

म्या म्हनलं, न्हाय, तो द्राक्षाच्या कंपनीत हाय. ते म्हनले, दारू कशाची करत्यात मग, ज्वारीची?

तू द्राक्षाची कंपनी म्हनलास, म्या बेदाणे समजले. तू समजू दिलंस. शेजारच्या धुरपदाबाईला दिवाळीपासनं सांगतेय, विरू बेदाणे पाठवील. ती रोज इचारती, आले का. आता काय पाठवतोस तिला?

तुझ्या गळ्यात लिंग म्या बांधलंय. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, तुझी आई गेल्यावर तुला माझ्या वटीत टाकून मोकळा झाला. या घरात दारू तर सोड, दारू पिलेला माणूस उंबऱ्याच्या आत आला न्हाय. तुझे गुंडाप्पामामा, माझे मालक, वारल्यावर माझा कान गेला, पर घर गेलं न्हाय.

मशीन काढून ठेवलंय. देवळीत हाय. रोज सकाळ-सांज शरणांची वचनं लागत्यात मठात, ती म्या दारूच्या पैशाच्या कानानं ऐकू व्हय? त्यापेक्षा न्हाय ऐकू आली तरी चालंल.

ऊटा माड. म्या रागावले म्हनून उपाशी ऱ्हाऊ नको, जेवून घे.

आत्या


दिंडोरी
१७ जानेवारी

आत्या,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी क्रेट धुवत होतो. ओल्या हातानं फोडलं म्हणून शाई पसरली, पण "देवळीत हाय" एवढं स्वच्छ वाचता आलं.

शांतलिंगमामांनी पाहिलं ते खरं. फडका काळा आहे. हसतो पण मी, ते कामात आहे. लोक ट्रिपला येतात, नवराबायको येतात, म्हातारी माणसं येतात. मी त्यांना ग्लासात थोडी थोडी ओतून देतो आन् कशी प्यायची, वास कसा घ्यायचा ते सांगतो. त्याला टेस्टिंग म्हणतात. आधी मी नुसतं क्रेट उचलायचो. एक दिवस ओतणारा माणूस आजारी पडला आन् मॅनेजर म्हणाला, तुझं तोंड चालतं ना, तूच उभा राहा.

मी पितो का, ते तुम्ही विचारलं नाही. तुम्ही न विचारलेलं जास्त लागतं. म्हणून सांगतो. चव घ्यायला लागते, नाहीतर लोकांना सांगणार काय? पण चव घेऊन थुंकायचं असतं. त्यासाठी भांडं ठेवतात. पहिल्या दिवशी मला थुंकताच येईना. तोंडात घेतलेलं टाकायचं कसं? तुमच्या घरात ताटातलं शीत टाकलं नाही कधी, ताट धुऊन ते पाणी प्यायला लावलंत. म्हणून सगळं गिळत गेलो. दुपारी क्रेटांच्या मागं झोपलेला सापडलो. मॅनेजरनं पाणी मारलं. त्याच्यानंतर थुंकायला शिकलो. गळ्यातलं लिंग आहे तिथंच आहे.

आत्या, तुम्ही म्हणाल तर सोडतो. आजच. बॅग भरायला कितीसा वेळ लागतो. पुण्याला ओळखीचा एकजण गाडीवर ड्रायव्हर मागतोय. तुम्ही नुसतं मशीन कानात घाला.

शांतलिंगमामांवर रागावू नका. त्यांनी पाहिलं तेच सांगितलं. अर्धं सांगितलं, पण खोटं नाही सांगितलं.

विरू


अणदूर
२३ जानेवारी

विरुपाक्ष,

सोडतो म्हनं. सोडायला तुला काय लागतं? शाळा सोडलीस, आडत सोडली, हाटेल सोडलं. सोडणं तुझ्या पायात हाय. मला सोडून पळालास तवा पायातली चप्पल पन न्हेली न्हाईस. माझ्या नावानं आता आनखी एक सोडू नको.

अर्धं सांगितलं म्हंजे काय? भावजींना इचारलं. ते म्हनले, पोरगं काय बी लिवतंय. आन् चहा न पिता उठून गेले. भावजी चहा सोडून कधी उठत न्हाईत.

एक सांग. गिलासात ओतायला मानूस कशाला लागतो? लोकांना हात न्हाईत का? दुधाच्या डेअरीवर कुनी काळा फडका बांधून शिकवत न्हाय, दूध असं प्या म्हनून. तू तिथं नक्की करतोस काय, ते मला कळू दे. मग मशीनचं बघू. तवर ते देवळीतच.

ऊटा माड.

आत्या


दिंडोरी
२९ जानेवारी

आत्या,

तुमच्या प्रश्नावर चार दिवस काम करता करता विचार केला. ओतायला माणूस कशाला लागतो? सांगता येत नाही. करून दाखवता येतं, पण तोडणीत सुट्टी नाही.

म्हणून एक बोलतो. रागावू नका. मी करतो ते तुम्ही एकदा घरी करून बघा.

दारूचा थेंब नको. द्राक्षाचा रस. शिवरात्र १५ तारखेला आहे. तुमच्याकडं दरवर्षी चार माणसं उपासाला जमतातच, दिवेलागणीला बसतात, मग मठात भजनाला जातात. रस उपासाला चालतो. त्या दिवशी त्यांना चहाऐवजी हे द्या. कसं करायचं ते लिहितो.

गावात ज्यांची ज्यांची बाग आहे त्यांच्याकडून एकेक घोस आणा. बालाजीची थॉमसन, शांतलिंगमामांची माणिकचमन, पलीकडच्या वस्तीवरची सोनाका, कुणाची काळी शरद असेल ती. आन् आपल्या दारातल्या मांडवाची काळी. हो, तीच, बियांची. गुंडाप्पामामांनी विजापूरहून काडी आणून लावलेली.

मिक्सरला लावू नका. बी फुटलं की रस कडू होतो. हातानं दाबा, मलमलीतून गाळा. वेगवेगळ्या तांब्यात ठेवा, तांब्याला ओलं फडकं गुंडाळा. कुठला रस कुणाचा ते फक्त तुम्हाला ठाऊक पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

स्टीलचे पेले नकोत, रंग दिसत नाही. काचेचे घ्या. पांढऱ्या कापडावर ठेवा. दोन बोटं भरतील एवढंच ओता. आधी बघायचं, मग ग्लास हलवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात फिरवायचा. गिळायची घाई नाही. मग ज्याला जे वाटेल ते बोलायचं. चूक बरोबर काही नसतं.

आंबट आधी द्या, गोड शेवटी. मधूनमधून शेंगदाणे आन् पाणी. बाजूला थुंकायला बादली ठेवा, उरलेलं त्यात ओतायचं.

आणि तुम्ही त्यांच्यात बसू नका, उभ्या राहा. मी उभा असतो तसं. मग तुम्हाला कळेल मी काय करतो. मला कळलं तर मीच लिहिलं असतं.

विरू


अणदूर
४ फेब्रुवारी

विरू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हाताऱ्या बाईला कामाला लावायची तुझी खोड गेली न्हाय.

करते. शिवरात्रीला म्या तसं बी चार मानसांसाठी रताळी उकडते, त्या दिवशी द्राक्षं दाबीन. गिरिजाबाई, भावजींची बायको, ती म्हनली, वैनी, हे काय नवीनच, मग मदतीला म्या येते. तिला काय कळलं न्हाय, पर ती लई खूश हाय.

आता तुझ्या चुका काढते.

बादली ठेवनार न्हाय. इथं जे काय प्यायचं ते आधी लिंगाला दाखवून अर्पण हुतं, मग तोंडात जातं. अर्पण केलेलं थुंकत न्हाईत. आन् उरलेलं बादलीत ओतायचं? द्राक्षं पिकवनारा बालाजी समोर बसनार, त्याच्या डोळ्यादेखत त्याचा रस बादलीत ओतू? तुझी कंपनी कसल्या घरची हाय?

काचेचे गिलास माझ्याकडं न्हाईत. बसस्टँडवरच्या चहावाल्याकडनं मागून आनते. तो म्हनला, आजी, लगीन हाय का घरात. म्या म्हनलं, विरूचं काम हाय.

आनखी. मांडवाची काळी कोन पिनार? ती पाखरं बी अर्धी खाऊन टाकत्यात. लई आंबट. तुझ्या मामांनी लावली म्हनून ठेवलीय, न्हाय तर भावजी वर्षाला एकदा कुऱ्हाड घेऊन येत्यात, वैनी, मांडव पाडू, तिथं मोटारसायकल उभी ऱ्हाईल. म्या ऐकू न आल्यावानी करते. बहिऱ्या मानसाचा तेवढा एक फायदा.

उभं ऱ्हायचं जमंल. गुडघा दुखतो, पर जमंल.

ऊटा माड.

आत्या


दिंडोरी
९ फेब्रुवारी

आत्या,

घाईत लिहितो, ट्रक येऊन उभा आहे.

बादली नको. बरोबर आहे तुमचं. कमी ओता म्हणजे उरणार नाही. मी सुद्धा पहिल्या आठवड्यात ग्लासात थोडं पाणी घालून, विसळून पिऊन टाकायचो, सगळ्यांच्या समोर. हात आपोआप जायचा. पुण्याच्या एक म्हाताऱ्या बाई बघत होत्या. त्यांनी पण विसळून प्यायलं. मॅनेजर बघतच राहिला.

मांडवाची काळी नक्की ठेवा. पण पहिली द्या. गोडाच्या मागून आंबट दिलं तर तोंडं वाकडी होतील आन् मामांच्या द्राक्षाला नावं ठेवतील. हे विसरू नका. पहिली.

आन् भजनाला जाण्याआधी संपवा, नाहीतर शांतलिंगमामा झोपतात.

विरू


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
अणदूर
१७ फेब्रुवारी

चि. विरू,

शिवरात्र झाली. सांगते, पर मधे घाई करू नको. पत्र हाय, तुझ्यासारखं पळत न्हाय.

अंगनात सतरंजी टाकली. मांडवाखालीच. वर पिकलेले घोस लटकत हुते. पांढरं कापड पायजे म्हनलास, तर तुझ्या मामांचं जुनं धोतर काढलं. तांबे पाच. कुनाचा रस कुठला ते माझ्या ध्यानात ऱ्हावं म्हनून एकेका तांब्याशेजारी एकेक धान्य ठेवलं. ज्वारी म्हंजे बालाजीची थॉमसन, तूर म्हंजे भावजींची माणिकचमन, हरभरा सोनाका, करडई शरद. मांडवाच्या काळीला जवस. गिरिजाबाई इचारून दमली, म्या सांगितलं न्हाय. तू म्हनलास ना महत्त्वाचं.

मानसं म्हंजे भावजी, गिरिजाबाई, धुरपदाबाई आन् बालाजी. बालाजीची द्राक्षं परदेशात जात्यात, त्यामुळं त्यो आधीपासनंच छाती काढून बसला हुता.

रस अर्पण केला. मग उभी ऱ्हायले. आन् विरू, उभं ऱ्हायल्यावर मला काय बोलावं ते सुचंना. सगळी माझ्याकडं बघत बसलेली. मला लाज वाटली. साठ वर्सं या अंगनात वाढायला वाकले, पर असं समोर उभी राहून म्या कधी तोंड उघडलं न्हाय. तू हे रोज करतोस व्हय?

मग तुझं पत्रच वाचून दाखवलं. बघायचं, वास घ्यायचा, फिरवायचा, गिळायची घाई न्हाय. धुरपदाबाईनं खुळखुळून चूळ भरल्यावानी केलं, पदरावर सांडलं. हसन्याचं काय ते मला दिसलं, ऐकू आलं न्हाय.

आता तुझी आज्ञा म्या मोडली. मांडवाची काळी पहिली दिली न्हाय, शेवटी दिली. पाहुन्याचं आधी वाढायचं आन् घरचं शेवटी, हे आपलं वाढन. बालाजीच्या आधी म्या माझ्या दाराचं कसं पुढं करू? मानसं काय म्हनतील? तुझ्या कंपनीत चालत असंल.

बालाजीनं पहिला घोट घेतला आन् तोंड कसंनुसं केलं. पाटीवर लिवलं, ह्यात चव न्हाय, पानी जास्त दिलेलं दिसतंय कुनीतरी. ते त्याचंच हुतं. म्या ज्वारी दाखवली न्हाय तोवर. मग दाखवली, म्हनलं, बालाजी, ज्वारी म्हंजे तुझीच बाग. गिरिजाबाई तोंडाला पदर लावून हसत हुती. बालाजी खाली बघत ऱ्हायला, मग त्यो बी हसला. सोनाका सगळ्यांना गोड लागली. शरद धुरपदाबाईला आवडली. भावजींनी आपलीच माणिकचमन वळखली न्हाय, पर गिलास कसा धरला हुता सांगू? चहाचा गिलास, खाली दोन बोटांत, आन् गरागरा फिरवला, नाक आत घातलं, डोळं मिटलं. दोन बोटांत धरायचं तर तुझ्या पत्रात कुठं बी न्हाय. म्या म्हनलं, हे कुठनं शिकले?

मग जवसाचा तांब्या. सगळ्या गोडावर ती आंबट. चारी तोंडं अशी वाकडी झाली, जशी चिंच खाल्ली. तू म्हनलास तेच झालं. मला वाटलं, झालं, आता मामांच्या द्राक्षाला नावं ठेवनार. भावजी मांडवाकडं हात करून काय तरी म्हनले. कुऱ्हाडीचंच असनार.

पर विरू, कुनी नावं ठेवली न्हाईत. सगळी वर बघाय लागली. घोसांकडं. आन् बोलाय लागली. आधीच्या चार तांब्यांवर एकेक शब्द, आन् याच्यावर सगळी एकदम. धुरपदाबाई हातवारे करून सांगत हुती, गिरिजाबाई मधेच तोंड घालत हुती, बालाजी झाडावर चढल्यावानी करून दाखवत हुता. हसत हुते, डोळे पुसत हुते. तुझ्या मामांचं नाव त्यांच्या ओठावर मला दिसत हुतं. गुंडाप्पा, गुंडाप्पा. आन् म्या मधे उभी, हातात तांब्या, मला एक अक्षर कळंना.

माझ्या दारात, माझ्या मानसाबद्दल बोलत्यात, आन् म्या बहिरी.

तांब्या ठेवला. आत गेले. देवळीतनं मशीन घेतलं. वरचं कानामागं, बोंडूक आत, कान वर ओढला. सीटी मारली न्हाय. वर पदर घेतला आन् बाहेर येऊन पुन्हा उभी ऱ्हायले. कुनाला कळलं न्हाय.

धुरपदाबाई सांगत हुती. ती नवी सून हुती तवाची गोष्ट. दुपारी ती आन् तिची नणंद आपल्या मांडवावरची द्राक्षं चोरायला यायच्या. गुंडाप्पाअण्णा वट्यावर बसलेले असायचे, म्हनली. बघायचे, आन् तोंड भिताडाकडं फिरवायचे. आमी पोटभर खाऊन खाली उतरून रस्त्याला लागलो की मग मोठ्यानं ओरडायचे, "कोन हाय रं तिकडं!" बालाजी म्हनला, आमच्यासंग बी तसंच. वर असताना ओरडलं तर पोरगं दचकून पडंल, म्हनून ते उतरल्यावर ओरडायचे.

विरू, म्या त्यांच्यासंग चाळीस वर्सं संसार केला. दर दुपारी आतनं ती आरोळी ऐकायची आन् म्हनायची, कसला खवीस मानूस हाय, लेकरांना दोन द्राक्षं खाऊ देत न्हाय. तोंडावर बी म्हनायची. त्यांनी कधी सांगितलं न्हाय.

 मग भावजी बालाजीकडं झुकले. म्या बहिरी हाय हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हनले, "आंबट हाय, पर विरूनं ओतली त्याला असाच मागनं एक झटका हुता. लाकडाच्या पिपात मुरवलेला वास, राव! म्या दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा पोरगंच म्हनलं, मामा, बास, बस चुकंल."

म्या म्हनलं, "भावजी, दोनदा की तीनदा?"

 गिरिजाबाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पदर बाजूला करून माझा कान बघितला, मग नवऱ्याकडं बघितलं. भावजी म्हनले, "वैनी, ते... तीर्थ समजून..." गिरिजाबाई म्हनली, "त्र्यंबकाचं तीर्थ लाकडात ठेवत्यात व्हय?" धुरपदाबाईला हसून ठसका लागला, तिला पाठीवर मारायला लागलं. भावजी त्या दिवशी भजनाला सगळ्यांच्या पुढं जाऊन बसले आन् झोपले न्हाईत.

तू मला हे लिवलं न्हाईस. त्यांच्यावर रागावू नका म्हनून वर लिवलंस. ते म्या ध्यानात ठेवलंय.

आता ऐक. दारू ती दारू. तुझ्या कंपनीचं मला पटलं न्हाय, पटनार बी न्हाय, या घरात ती यायची न्हाय. पर म्या इचारलं हुतं ना, ओतायला मानूस कशाला लागतो. ओतायला लागत न्हाय. मानसं आपापल्या घरात गप पिऊन टाकतात. कुनीतरी समोर उभं ऱ्हाऊन म्हनावं लागतं, थांबा, गिळायची घाई न्हाय, काय वाटलं ते बोला. तेवढं काम हाय तुझं. ते काम वाईट न्हाय. ते तू कशावर बी करू शकतोस, हे डोक्यात ठेव. आत्ता सोड म्हनत न्हाय. सोडू नकोच. पर डोक्यात ठेव.

गिलास धुऊन चहावाल्याला परत दिले. धुन्याआधी सगळ्यांनी पानी घालून विसळून पिले, बालाजीनं सुद्धा. भावजी सकाळी कुऱ्हाड घेऊन आले न्हाईत. मांडवाला नवी तार घेऊन आले.

मशीन कानात हाय. देवळीत आता तुझी पत्रं ठेवलीत.

धुरपदाबाईचे बेदाणे पाठव. इकत घे आन् पाठव, शब्द दिलाय.

आता पत्र नको. फोन कर. सांजच्याला, वचनं झाल्यावर. ओरडू नको. नेहमीसारखं बोल.

ऊटा माड.

आत्या


दिंडोरी
२४ फेब्रुवारी

आत्या, पाया पडतो.

पत्र नको म्हणालात तरी एक लिहितो, कारण कालचं फोनवर निस्तरलं नाही.

बेदाणे काल पार्सलनं टाकले. शांतलिंगमामांसाठी त्यातच एक वेगळी पुडी आहे, त्यांना सांगा की लाकडाच्या पेटीतले आहेत.

काल कंपनीत लोकांना ओतताना मी सगळ्यात आंबट बाटली शेवटी दिली. घरचं शेवटी वाढतात म्हटलं. मॅनेजर ओरडला. पण लोक उठता उठेनात.

आता फोनचं. मी क्रेटवर बसून लावला. तुम्ही पहिल्या रिंगला उचलला. "कोन?" असं म्हणाला नाहीत. "विरू, जेवलास का?" म्हणालात, आन् मी "हो" म्हटलेलं तुम्हाला ऐकू आलं, आन् तुम्ही म्हणालात, "काय खाल्लंस?" त्याच्यापुढं माझ्याकडून काही आवाज आला नाही, आन् तुम्ही दोनदा हॅलो म्हणून गिरिजामामींना म्हणालात की मशीन बिघडलं, पुढच्या आठवड्यात सोलापूरला दाखवायला नेऊ.

नेऊ नका, आत्या. मशीन चांगलं आहे. मीच बोलत नव्हतो.

भात-आमटी खाल्ली होती.

तुमचा
विरू